सातव्या खोलीचा सुपरवायझर

नोकरीत असताना मी खोटं पुष्कळ टाइप केलं. कारकुनाला ते चुकत नाही. 'आपलं पत्र वाचून अतिशय आनंद झाला' हे वाक्य मी कपाळाला आठ्या घालून किती वेळा टाइप केलं असेल, त्याला सुमार नाही. त्यातल्या कशाचंच मला आज काही वाटत नाही. एका शब्दाचं मात्र वाटतं. तो टाइप करताना माझ्या कपाळाला आठी नव्हती, उलट मी चांगला खुशीत होतो.

बहरीनमधली माझी कचेरी एका धर्मादाय जागेचा कारभार बघायची. बुदैयाच्या रस्त्यावर, समुद्रापासून जरा आत, खजुराची एक जुनी बाग होती. कुणा मोत्यांच्या व्यापाऱ्यानं ती वक्फ केली होती, म्हणजे देवाच्या नावानं कायमची सोडून दिली होती. बागेच्या कडेला समुद्रातल्या दगडाच्या, चुन्यानं लिंपलेल्या बारा खोल्यांची एक रांग होती. बागेत राबणाऱ्यांनी या खोल्यांत फुकट राहावं असं त्या व्यापाऱ्यानं लिहून ठेवलेलं होतं. खोल्या धर्मादाय असल्यामुळे नगरपालिका त्यांच्यावर कर लावत नसे. अट एकच होती, खोलीत राहणारा माणूस बागेतला मजूर असला पाहिजे.

दरवर्षी थंडी पडायला लागली की मी या खोल्यांची यादी टाइप करायचो. खोलीचा नंबर, माणसाचं नाव, देश, काम. कामाच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'फार्म वर्कर' लिहायचं आणि खाली अकरा वेळा 'वरीलप्रमाणे'ची खूण करायची. आमचे मुदीर, म्हणजे कचेरीचे मुख्य, त्यावर सही करायचे, नगरपालिकेत शिक्का पडायचा आणि बारा माणसांचं छप्पर आणखी एक वर्ष शाबूत राहायचं. इतकं सोपं काम. पाच वर्षं मी ते डोळे मिटून केलं.

मी मूळचा वसईचा. आमची केळीची आणि भाजीची वाडी. शेजारी बावखल, म्हणजे आमच्याकडचं पाण्याचं तळं. वडील गुडघाभर चिखलात उभे राहून पन्नास वर्षं आळी करत आले. मी मात्र लहानपणीच ठरवलं होतं की चिखलात पाय घालायचा नाही. म्हणून टायपिंग शिकलो, आणि त्या टायपिंगच्या जिवावर समुद्र ओलांडून आलो तो थेट एका बागेच्या कचेरीत. माझी आई हे ऐकून पोट धरून हसली होती.

झिंज नावाच्या वस्तीत एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघे राहायचो. बाकीचे तिघे मुंबईचे, बांद्रा-माहीमकडचे, हॉटेलांत आणि हॉस्पिटलांत नोकरी करणारे. घरातसुद्धा इंग्रजी बोलायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, वडील काय करतात? मी म्हणालो, फळांच्या व्यापारात आहेत. पुढे हा व्यापार इतका वाढत गेला की एकानं मला चक्क आंब्याच्या एक्स्पोर्टबद्दल सल्ला विचारला. मी दिलाही. त्या काळात आखातात गेलेला आमच्याकडचा एकही माणूस साधा मजूर नव्हता. ड्रायव्हर ट्रान्सपोर्टमध्ये असायचा, वेटर हॉटेल लाइनमध्ये, आणि गवंड्याच्या हाताखालचा माणूस कन्स्ट्रक्शन कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. गावी गेल्यावर एकमेकांचं उघडं पाडायचं नाही, हा सगळ्यांनी न बोलता पाळलेला रिवाज होता.

सातव्या खोलीत चाचा राहायचे. ते श्रीवर्धनच्या बाजूचे कोकणी मुसलमान. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच त्यांचे केस पांढरे झाले होते. तरुणपणी गावात सुपारी उतरवायचे. सुपारीच्या एका झाडावरून झोका घेऊन दुसऱ्यावर जायचं, खाली उतरायचंच नाही, असं त्यांचं काम. तीच विद्या इथे खजुरीवर चालली. कमरेला दोराचा रुंद पट्टा लावून ते सरसर वर जायचे. वसंतात नर झाडाचा मोहोर आणून मादी झाडाच्या मोहोरात बांधावा लागतो, नाहीतर खजूर धरत नाही. ते काम सबंध बागेत चाचांइतकं हलक्या हातानं कुणाला जमत नसे. पुढे गुडघे गेले आणि चढणं बंद झालं. मग ते पाणी सोडायचे, लसूणघास कापायचे, आणि वर चढलेल्या जवानांना खालून शिव्या घालायचे. जवान त्या आनंदानं ऐकायचे.

खोलीत वीस वर्षं काढल्यामुळे ती खोली त्यांच्या अंगाची झाली होती. भिंतीत पाण्याच्या माठासाठी कोनाडा कोरलेला. जमीन स्वतः चोपून गुळगुळीत केलेली. दारापुढे एक सुपारीचं रोप होतं. एकदा गावाहून येताना ते न सोललेली सुपारी खिशातून घेऊन आले होते, ती इथे रुजवली. बागेतलं पाणी हळूहळू मचूळ होत चाललं होतं, ते त्या रोपाला मानवत नसे. म्हणून चाचा आपल्या माठातलं प्यायचं गोडं पाणी त्याला घालायचे. तरी ते रोप चार वर्षांत माझ्या गुडघ्याच्या वर गेलं नव्हतं. त्याला सुपारी कधी धरणार असं कुणी चिडवलं की ते म्हणायचे, "धरंल. त्याला पण सुट्टी मिळाया हवी."

शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्च आटोपलं की मी शेअर टॅक्सी पकडून बागेत जायचो. फ्लॅटमध्ये सांगायचो, कचेरीचं काम आहे. खरं सांगायचं तर ओल्या मातीचा वास घ्यायला जायचो. चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची घरची पत्रं मी लिहायचो, त्यामुळे ते मला मुन्शी म्हणायचे.

पत्र सांगताना ते बाजेवर मांडी घालून बसायचे आणि माझ्या हाताकडे बघत राहायचे. "लिव. मी खुशाल हाय. पानी सोडतो, गवत कापतो, कधी झाडाखालचा कचरा काढतो." मी लिहायचो, 'बागेची सर्व देखरेख माझ्याकडे आहे.' मग वाचून दाखवायचो. पहिल्यांदा त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं होतं.

"असं लिवतात?"

"असंच लिहितात, चाचा."

"बरं. तू शिकलेला हायस."

मी असं का लिहायचो? त्यांच्यावर उपकार करत होतो असं तेव्हा वाटायचं. एवढ्या चांगल्या माणसानं आपल्या बायकोला 'कचरा काढतो' असं का कळवावं? आता कळतं की मी त्यांची पत्रं लिहीत नव्हतो, माझीच लिहीत होतो. गुडघाभर चिखलातल्या माझ्या बापाला मी व्यापारी केलं, तसंच यांनाही वर चढवलं. देखरेखीचं पुढे सुपरवायझर झालं. चाचींनी ते गावभर सांगितलं. सांगणारच, का नाही सांगणार?

मग त्यांच्या मुलीला स्थळ आलं. चाचांना एकुलती एक मुलगी. स्थळ शेजारच्या गावातलं, चार माणसांत मान असलेलं. मुलाच्या मामांचं मनामाच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. एक दिवस मामा स्वतः बागेत आले, खजूर खाल्ला, चहा घेतला, आणि फार अदबीनं म्हणाले की गावात काही लोक बोलतात, तुम्ही बागेत मजुरी करता म्हणून. आमचा विश्वास नाही. पण तुमच्या कचेरीचा शिक्क्याचा एक कागद दिलात तर लोकांची तोंडं बंद करता येतील.

मामा गेल्यावर चाचा बराच वेळ गवताच्या पेंढ्या बांधत बसले. मग मला म्हणाले, "मुन्शी, खरं सांगून टाकूया काय? मजुरी तर मजुरी. चोरी नाय केली."

तेव्हा मी त्यांना हो म्हणायला हवं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आणि त्यांना ते सुचलंही होतं. पण खरं सांगायचं तर आधीची सगळी पत्रं खोटी ठरणार होती, आणि ती माझ्या अक्षरात होती. मी म्हणालो, "काही नको. एवढ्यासाठी मुलीचं स्थळ घालवता? कागद मी करून देतो."

"कायद्यात काय गडबड नाय ना व्हनार?"

"कागद आहे, चाचा. कोण वाचत बसलंय?"

आमच्या मुदीरांनी तरुणपणी मुंबईत मोत्यांच्या बाजारात काही वर्षं काढली होती. हिंदी झकास बोलायचे आणि माझ्यावर त्यांचा जीव होता. दाखल्याचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जो लिस्ट में लिखा है, वही लिखो. दोनों पर एक ही मोहर लगेगी." नेमके यादीचेच दिवस होते. मी मशीनमध्ये कागद घातला. सहा खोल्यांपर्यंत नेहमीप्रमाणे उतरत आलो. सातव्या खोलीपुढे खूण न करता 'फार्म सुपरवायझर' टाइप केलं. आठव्या खोलीपुढे पुन्हा 'फार्म वर्कर', आणि त्याखाली खुणा. चाचांच्या दाखल्यातही तेच 'सुपरवायझर' घातलं. मुदीरांनी चष्मा न लावता दोन्ही कागदांवर सही केली, कारण पाच वर्षांत माझी एक चूक त्यांना सापडली नव्हती. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून चौघांसाठी समोसे घेतले.

लग्न झालं. चाचा रजेवर जाऊन आले ते निराळेच होऊन. गावात सगळ्यांनी त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं होतं. मुलगी सासरी रमली होती. ती गोष्ट त्यांनी प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून वेगळी सांगितली. बागेतल्या माणसांनी ऐकून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी कुठूनतरी एक मोडकी फिरती खुर्ची आणून सातव्या खोलीपुढे ठेवली. "यल्ला सुपरवायझर साहब, बैठो." चाचा तिच्यात बसले, एक गिरकी घेतली आणि पडता पडता वाचले. सगळी बाग हसली, तेही हसले. त्यानंतर शुक्रवारी त्या खुर्चीत मला बसवायचे आणि स्वतः बाजेवर बसायचे.

पुढच्या थंडीत नगरपालिकेचा माणूस आला. बुदैयाच्या रस्त्याला तेव्हा बंगले उठायला लागले होते आणि जमिनीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं होतं. धर्मादाय म्हणून सूट घेतलेल्या जागांमध्ये खरोखर कोण राहतं, याची तपासणी सुरू झाली होती. तो माणूस तरुण होता, सभ्य होता, आणि त्याला वाचायची सवय होती. त्यानं यादी वरून खाली वाचली आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं. सुपरवायझर म्हणजे मजूर नव्हे. त्याची राहायची सोय कचेरीनं दुसरीकडे करावी आणि खोली मजुराला द्यावी. नाहीतर सगळ्याच रांगेच्या करमाफीचा फेरविचार होईल. एवढं बोलून त्यानं चहा घेतला आणि तो गेला.

मुदीरांनी मला आत बोलावलं. यादी त्यांच्यापुढे होती, आणि या वेळी चष्मा डोळ्यांवर होता.

"ये बूढ़ा सुपरवायझर कब से हो गया?"

मी सातव्या ओळीकडे पाहिलं. ते समजले. मुंबईत राहिलेला माणूस, त्याला ही कागदांची तऱ्हा नवी नव्हती. ते हळू आवाजात म्हणाले, "टाइपिंग की गलती है तो बोलो. तुम लिखकर दो कि गलती तुम्हारी है, मैं अभी ठीक करवाता हूँ. वो दाखला भी वापस मँगवाना पड़ेगा. कल तक सोच लो."

माझी चूक आहे असं माझ्या सहीनं चार ओळींत लिहून द्यायचं होतं. एवढ्यानं खोली वाचली असती. पण दाखला मामांकडून परत मागवायचा म्हणजे मामांना सगळं कळणार, आणि मामांना कळलं की मुलीच्या सासरी कळणार. हे खरंच होतं. आणखी एक गोष्टही तितकीच खरी होती. गावी असलेल्या माझ्या बायको-मुलाच्या व्हिसाचा अर्ज मुदीरांच्या त्याच टेबलावर पडला होता. ज्या कारकुनानं शिक्क्याच्या कागदावर खोटं लिहिलं, त्याच्या अर्जाचं काय झालं असतं? हे मी चाचांना सांगितलं नाही. त्या वेळी स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

त्याच दिवशी दुपारी मी बागेत गेलो. चाचा पाटाच्या कडेला बसून पाणी दुसरीकडे वळवत होते. मी आधी मामांचं सांगितलं. मग मुलीचं सांगितलं. तिला दिवस गेले होते, चारच दिवसांपूर्वी तसं पत्र आलं होतं आणि मीच ते वाचून दाखवलं होतं. आणि सगळ्यात शेवटी खोलीचं सांगितलं. प्रश्न असा मांडला की त्याला एकच उत्तर उरावं. असं मांडायला मला कचेरीत शिकवलं होतं.

चाचांनी फावडं खाली ठेवलं. खोल्यांच्या रांगेकडे पाहिलं. म्हणाले, "पोरीला तिथं ऱ्हाऊ दे. मी कुठं पन ऱ्हाईन."

"नक्की ना, चाचा?"

"तू सांगतंस तर बराच असंल."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. त्या माणसाचं घर गेलं, आणि परत येताना टॅक्सीत मी खिडकीची काच खाली करून वारा घेत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मुदीरांना सांगितलं की यादी बरोबर आहे. त्यांनी यादीची घडी घातली. मग "खलास" म्हणाले आणि खोली रिकामी करण्याच्या कागदावर सही केली. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. माझ्या घरच्यांचा व्हिसा मात्र त्यांनी अडवला नाही.

पुढच्या शुक्रवारी कचेरीची पिकअप आली. चाचांचं सामान किती ते? एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह, माठ, आणि तो दोराचा पट्टा. पट्टा कशाला घेता, असं ड्रायव्हरनं विचारलं. त्यांनी पट्टा ट्रंकेवर ठेवला. फिरती खुर्ची तिथेच राहिली. सुपारीचं रोप उपटून न्यावं असं एकानं सुचवलं, पण त्या वयाच्या रोपाची मुळं दुखावली तर ते मरतं. चाचांनी वाकून त्याच्या भोवतीची माती हातानं दाबली आणि मला म्हणाले, "मुन्शी, याला बागेतला पानी नको घालू. गोडा घाल."

मी हो म्हणालो. चार-पाच शुक्रवार बाटलीतून पाणी नेऊन घातलंही. मग बायको मुलाला घेऊन आली, घर लागलं, शुक्रवार भरून गेले.

कचेरीनं त्यांची सोय मनामात केली होती. एका खोलीत आठ माणसं, खाटांवर खाटा. खालच्या खाटा आधीच गेलेल्या, म्हणून यांच्या वाट्याला वरची आली. आयुष्यभर झाडांवर चढलेल्या माणसाला त्या लोखंडी खाटेची शिडी चढता येईना. गुडघे वाकत नसत. शेवटी ते दोन खाटांच्या मधल्या जागेत जमिनीवर निजायचे. सकाळी दोन बस बदलून बागेत यायचे. यायला उशीर व्हायचा, पाणी सोडायची वेळ टळायची. शिव्या द्यायचंही त्यांनी सोडून दिलं, कारण आता आपण बाहेरचे, असं म्हणायचे. मी भेटलो की माझीच चौकशी करायचे. बायकोला हवा मानवली का? मुलगा शाळेत जातो का? माझ्याविषयी त्यांच्या मनात काही आलं असेल, तर ते त्यांनी कधी तोंडावर येऊ दिलं नाही. यायला हवं होतं. एखादी शिवी तरी द्यायची.

वर्ष पुरं व्हायच्या आत ते कायमचे गावी गेले. मी एअरपोर्टवर गेलो होतो. दोराचा पट्टा त्यांनी बरोबर नेला.

त्यानंतर बाग फार दिवस टिकली नाही. बागेला पाणी पुरवणाऱ्या झऱ्याचं पाणी इतकं खारं झालं की लसूणघाससुद्धा पिवळी पडायला लागली. जमीन लांबच्या मुदतीनं कुणाला तरी दिली गेली. खोल्यांमधली माणसं पांगली. एक दिवस कागद पोचवायला गेलो तेव्हा बुलडोझर रांगेच्या पाचव्या खोलीपर्यंत पोचला होता. मी सातव्या खोलीपुढे उभा राहिलो. रोप केव्हाच वाळून गेलं होतं, नुसता एक बोटभर खुंट उरला होता. पुढच्या वर्षी यादी टाइप करायची वेळच आली नाही. आता तिथे एकसारखे पांढरे बंगले आहेत.

त्यानंतरच्या रजेत मी श्रीवर्धनला गेलो. वसईहून इतक्या लांब खास कुणाकडे मी कधी गेलो नव्हतो. बायको म्हणाली, कोण आहेत ते तुमचे? मी म्हणालो, आमच्या बागेचे सुपरवायझर. जीभ अशी वळणाला लागते.

एस.टी.तून उतरून एका पानवाल्याला घर विचारलं. "सुपरवायझर साहेबांचं ना?" म्हणून त्यानं लगेच बोट दाखवलं. चाचा ओट्यावर खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा पांढरा झब्बा, हातात काठी, पायांत चपला. घराच्या मागे सुपारीची हिरवीगार वाडी होती, पाटातून पाणी वाहताना ऐकू येत होतं. मला बघून ते उठायला लागले, पण उठता आलं नाही. माझा हात धरून ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही.

चाची आत चहा करत होत्या. मोठ्या अभिमानानं आतूनच सांगत होत्या की यांना मी वाडीत पाऊल टाकू देत नाही, आयुष्यभर साहेबी केली, आता या वयात चिखलात हात घालतील तर जावयाच्या घरचे काय म्हणतील? वाडीत गडी ठेवलाय. चाचा माझ्याकडे बघून थोडं हसले. त्यांचे हात मी पाहिले. मऊ पडले होते, नखांमधली माती गेली होती. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

चाची नातवाला आणायला शेजारी गेल्या तेव्हा ते पुढे झुकले. "मुन्शी, कागद हाय काय तुज्याकडं?"

माझ्या पिशवीत वही होती. मी पान फाडलं.

"लिव. मी बागंत मजुरी करायचो. झाडावर चढायचो, पानी सोडायचो, गवत कापायचो. सुपरवायझर नव्हतो. समदा खरा खरा लिव."

मी लिहिलं. ते सांगत गेले तसंच्या तसं लिहिलं. असं मी त्यांच्यासाठी पहिल्यांदाच लिहीत होतो. वाचून दाखवलं, तेव्हा डोळे मिटून ऐकलं. पुन्हा वाचायला सांगितलं.

"शिक्का नाय, पन तुजी सही घाल. तू कचेरीतला मानूस."

मी सही केली.

"आता बराबर झाला. आता हा कागद मुदीरला दाखव. म्हनावं, आता तरी याची खोली याला द्या. मी येनार नाय, कुठं येतो आता? पन माज्या नावावर ऱ्हाऊ दे."

खोली नाही, चाचा. रांग नाही, बाग नाही. हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणालो, "दाखवतो."

त्यांना बरं वाटलं. मान हलवत राहिले. मग आठवण होऊन विचारलं, "आन् माजा झाड? पानी कोन घालतो?"

"मी घालतो. दर शुक्रवारी."

"गोडा?"

"गोडंच."

त्यांनी मनाशी वर्षं मोजली. खुर्चीत बसल्या बसल्या हात वर केला, आपल्या डोक्याच्या वर वीतभर नेला आणि तिथे थांबवला. "येवढा झाला असंल?"

मी म्हणालो, "त्याच्याहून उंच झालंय, चाचा."